जीपचा मागचा हूक

गाडी पाहावयास गेलेला मनुष्य प्रथम तिच्या तोंडासमोर उभा राहतो. दिवे कसे आहेत, जाळी कशी आहे, रंग कोठे उडाला आहे काय, हे पाहून झाले म्हणजे दार उघडून आत बसतो आणि चाक हाती धरतो. गाडीच्या पाठीशी जाऊन, गुडघा टेकून खाली वाकणारा क्वचितच. आश्चर्य असे की हाच गृहस्थ बैल घेण्यास बाजारात गेला म्हणजे त्याचा खांदा चाचपतो, मागील पाय निरखतो, चार पावले चालवून पाहतो. ओढणाऱ्या जनावराची पारख खांद्यावरून आणि पाठीवरून करावयाची असते हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र तो हे शहाणपण घरी ठेवून येतो.

आमच्या घरी एक जुनी जीप आहे. महिंद्र कंपनीची, एमएम ५४० या जातीची, डिझेलवर चालणारी. थोरल्या बंधूंनी, ज्यांना घरात व गावात सर्वजण आण्णा म्हणतात, ती काही वर्षांपूर्वी घेतली. निपाणीहून तवंदी घाटाकडे जाताना डाव्या-उजव्या हातास जे मुरमाड माळ दिसतात, तशाच एका माळावर ओढ्यापलीकडे आमची थोडी जमीन आहे. खालची काळी जमीन तंबाखू-सोयाबीनला चांगली. पण माळावर पाणी नाही. तेथे आण्णांनी आंब्याची कलमे लावली. पहिली तीन वर्षे उन्हाळ्यात त्यांना पाणी घातले नाही तर केलेला सर्व खर्च वाळून जाणार. ट्रॅक्टर भाड्याने आणून टाकी न्यावी तर ओढ्याची उतरण अरुंद, आणि हंगामात सारे ट्रॅक्टर उसाला जुंपलेले. तेव्हा जीपलाच मागे एक छोटी दुचाकी ट्रॉली जोडून पाचशे लिटरची टाकी न्यावी असे ठरले.

जीप मागून पाहिली तेव्हा समजले की तिचा मूळचा हूक कोणीतरी केव्हाच काढून घेतला आहे आणि मागचा बंपर एका बाजूने वाकला आहे. म्हणजे बंपरही नवा हवा आणि हूकही नवा हवा.

आमच्या भागात गाडीने गाडी ओढण्याला 'टोचन' म्हणतात. इंग्रजीतील 'टो' आणि 'चेन' हे दोन शब्द गॅरेजच्या तेलकट जमिनीवर एकमेकांत मिसळून तो झाला असे सांगतात. कसाही झालेला असो, शब्द आपलासा झाला आहे. ट्रक बंद पडला की ड्रायव्हर 'टोचन लावा' म्हणतो आणि कोल्हापूरपासून धारवाडपर्यंत सर्वांस ते कळते. पण टोचन लावणे आणि ट्रॉली जोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतील भेद न कळल्याने माणसे मरतात. त्याविषयी पुढे लिहितोच.

वास्तविक जीप ही जन्मापासून ओढणारी गाडी आहे. १९४० साली अमेरिकी लष्कराला एक हलकी, चारही चाकांना जोर पोहोचणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने त्या वर्षीच्या सप्टेंबरात पहिला नमुना तयार करून दिला. तथापि मोठ्या संख्येने गाड्या पुरविण्याची ताकद तिच्यापाशी नाही असे ठरून मुख्य काम विलीज व फोर्ड या कंपन्यांना मिळाले. आणि ज्या बँटमने पहिली जीप बनविली तिच्या वाट्याला युद्धकाळात जीपच्या मागे जोडावयाचे छोटे ट्रेलर बनविण्याचे काम आले. मला या हकिकतीचे नेहमी वाईट वाटते. परंतु बँटमचे ते ट्रेलर इतके मजबूत निघाले की जीपइतकेच तेही जगभर फिरले.

त्या युद्धकाळातील विलीज जीपच्या पाठीशी सलग असा बंपर नव्हताच. दोन्ही टोकांना दोन आखूड लोखंडी तुकडे, आणि त्यांच्या मधोमध चेसिसच्या मागील आडव्या तुळईला पक्का बसविलेला एक जबडेदार हूक. जबड्यात ट्रेलरच्या दांडीचे कडे अडकवावयाचे, वरचा ओठ मिटावयाचा, आणि तो उघडू नये म्हणून खीळ घालावयाची. बेळगावच्या कॅम्पात हे दृश्य नवे नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र तेथे १९२२ पासून आहे. लहानपणी बेळगावास गेलो की मागे ट्रेलर घेऊन जाणाऱ्या लष्करी जीपगाड्या दिसत. ट्रेलर खड्ड्यात कसाही कलंडो, त्याचे कडे हुकात फिरे आणि जीप सरळ राही.

आपल्याकडे जीप आली ती १९४७ साली. महिंद्र कंपनीने, जी तेव्हा महिंद्र अँड महंमद या नावाने चालत असे, विलीज जीपचे सुटे भाग आणून त्या मुंबईत जोडण्यास आरंभ केला. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तेथे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचे नाव बदलले. त्यानंतरच्या कित्येक दशकांत तहसीलदार, डॉक्टर, जंगलखाते, धर्मगुरू, सहकारी बँकेचे वसुली अधिकारी, सगळे त्याच जातीच्या गाडीतून आपल्या गावात आले.

एवढी परंपरा असलेल्या गाडीला हूक लावणे म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम, असे आण्णांना वाटले. महामार्गावरच्या एका दुकानातून त्यांनी तयार बंपर आणविला. दिसावयास देखणा. काळा कुळकुळीत रंग, दोन्ही बाजूंना दोन लाल कड्या, मधोमध चकचकीत पोलादी गोळा. घरातील मुलांना तो फारच आवडला. आम्ही तो निपाणीतील आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेला. मिस्त्री वृद्ध आहेत. त्यांच्या वडिलांचा धंदा बैलगाड्यांच्या धावा चढविण्याचा होता. ते स्वतः ट्रॉल्या बांधतात. त्यांनी बंपर उलटा करून फरशीवर ठेवला, आतल्या बाजूच्या पट्ट्यांवर हातोडी वाजवली आणि म्हणाले, "आण्णा, हूक काय, कुठंबी लागतोय. पर वढ आली म्हंजे त्यो कुणाला धरणार, त्ये सांगा."

हा एक प्रश्न म्हणजे या विषयाचा गाभाच होय. त्या सुंदर बंपरला आतून जोडलेल्या पट्ट्या पातळ पत्र्याच्या होत्या. त्या चेसिसला नव्हे, तर जीपच्या मागील पत्र्याला जोडावयाच्या होत्या. म्हणजे गोळा जाड, नळी जाड, आणि सर्व भार अखेरीस ज्याच्यावर यावयाचा ते नखाएवढे पातळ. बैलगाडीचे जू शिसवी लाकडाचे करावे आणि ते दांडीला सुतळीने बांधावे, तसा प्रकार. बंपर त्याच दिवशी दुकानी परत गेला. दुकानदाराने पैसे पूर्ण दिले नाहीत हे खरे. परंतु त्याचे नाव घेऊन काय करावयाचे? असा माल घेणारे गिऱ्हाईक आहे म्हणून तो ठेवतो.

मग मिस्त्रींनी स्वतः बंपर बांधला. ती चार दिवसांची हकिकत थोडी तपशिलाने सांगतो, कारण आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या दारी जीप, पिकअप किंवा ट्रॅक्टर आहे.

प्रथम त्यांनी जीपच्या मागील बाजूची सारी माती, ग्रीस आणि जुना रंग खरवडून चेसिसच्या दोन्ही लांब तुळया व त्यांना जोडणारी शेवटची आडवी तुळई उघडी केली. कोठे गंज खोल गेला आहे काय, कोठे केसासारखी चीर आहे काय, हे ते विजेरी धरून बोटाने पाहात होते. जुन्या गाडीत जुन्या भोकांच्या कडेलाच चिरा सुरू होतात असे ते म्हणाले. एका भोकापाशी तशी चीर निघाली. तिच्या टोकाला त्यांनी बारीक भोक पाडले, म्हणजे चीर पुढे सरकत नाही, आणि मग ती भरून वरून ठिगळपट्टी बसविली.

नंतर १०० बाय ५० मिलिमीटरचा चॅनेल कापून त्यांनी आडवा बंपर केला. त्याला दोन्ही टोकांपाशी जाड पोलादी पाने जोडली, आणि ती पाने चेसिसच्या दोन्ही तुळयांच्या बाजूंनी बरीच पुढपर्यंत नेऊन बोल्टांनी आवळली. मधोमध हुकासाठी चौकोनी नळी; तिच्या दोन्ही अंगांना तिकोनी आधार. म्हणजे हुकावर ओढ आली की ती नळीवर, नळीवरून चॅनेलवर, चॅनेलवरून पानांवर आणि पानांवरून चेसिसच्या दोन्ही तुळयांवर वाटली जाते. पत्र्याचा या सर्वांत कोठेही संबंध नाही.

येथे मी विचारले की सगळे वेल्डिंगच का करीत नाही, एकजीव होईल. मिस्त्री म्हणाले की चेसिसच्या तुळईवर जेथे-तेथे डाग दिला तर डागाच्या शेजारचे लोखंड कमजोर होते आणि वर्षा-दोन वर्षांनी नेमके तेथेच तुटते. शिवाय बोल्ट सैल झाला तर दिसतो, डाग आतून सुटला तर दिसत नाही. बंद पेटीसारख्या तुळईतून आरपार बोल्ट घालावयाचा असेल तर आत जाड नळीचा तुकडा घालावा लागतो, नाही तर नट आवळताना तुळईच चेपते. आणि डिझेलची टाकी जवळ असेल तेथे गॅस किंवा वेल्डिंग चालविण्यापूर्वी टाकी काढून दूर ठेवावयाची व बॅटरीची तार सोडावयाची. ही सर्व माहिती मला नवीन होती.

बोल्टांविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे उठविलेले असतात. आपण ते कधी वाचीत नाही. पहिल्या आकड्याला शंभराने गुणिले की तो बोल्ट तुटण्यापूर्वी दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ताण सोसतो हे कळते. टिंबापुढील आकडा सांगतो की त्याच्या किती दशांशावर तो कायमचा ताणला जाऊ लागतो. १२ मिलिमीटर जाडीच्या, ८.८ दर्जाच्या एका बोल्टाच्या आट्यांपाशी सुमारे ८४ चौरस मिलिमीटर लोखंड असते. म्हणजे तो सरळ ताणात पावणेसात टनांच्या आसपास तुटेल. आडव्या कापात मात्र त्याची शक्ती याच्या सुमारे साठ टक्केच. असे आठ बोल्ट आमच्या बंपरला आहेत. ज्याच्या डोक्यावर आकडाच नाही असा बोल्ट दाराच्या बिजागरीला लावावा.

आता इतका जोर लागतो तरी कशाला, असे कोणी विचारील. पाचशे लिटर पाणी म्हणजे पाचशे किलो. ट्रॉलीचे स्वतःचे वजन सुमारे १८० किलो. सपाट डांबरी रस्त्यावर एवढे ओझे ओढण्यास फार तर पंधरा-वीस किलोंचा जोर पुरतो. एक मुलगाही ती ढकलील. दहास एक अशा चढावर तोच ऐंशी-नव्वद किलो होतो. चिखलात दोनशेही होईल. हे आकडे लहानच आहेत. परंतु हुकाची परीक्षा संथ ओढीने होत नाही, ती हिसक्याने होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेला जो महापूर आला तो निपाणी भागातील कोणी विसरणार नाही. यमगर्णीपाशी पाणी महामार्गावर चढले आणि पुणे-बेंगळूर रस्ता बंद झाला. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा तेच. त्या दिवसांत ज्याच्याजवळ जीप, ट्रॅक्टर वा उंच गाडी होती तो कोणाची ना कोणाची गाडी ओढून काढण्याच्या कामी लागला. चिखलात बसलेला टेम्पो, अर्धवट बुडालेली मोटार, गोठ्यातून बाहेर काढावयाची गुरे, सगळेच. मी त्या वेळी आमच्या गावच्या उतरणीवर एक प्रकार पाहिला. एका तरुणाने आपल्या नव्या गाडीच्या मागील पोलादी गोळ्याला नायलॉनचा दोर गुंडाळला, दुसरे टोक फसलेल्या गाडीला बांधले, दोर ढिला ठेवून मागे आला आणि जोरात पुढे गेला. ठण् असा आवाज झाला. गोळा मुळापासून तुटला आणि दोराबरोबर उडून फसलेल्या गाडीची पुढची काच फोडून आत गेला. आतील माणूस नेमका उतरून चाकापुढचा चिखल उकरीत होता म्हणून वाचला.

याचे गणित साधे आहे. दीड टनाची गाडी ताशी १० किलोमीटर वेगाने जात असताना १० सेंटिमीटरच्या आत अडली तर सरासरी सहा टनांच्या जवळपास ओढ येते. तीच ओढ एक मीटर ताणल्या जाणाऱ्या रुंद पट्ट्यामुळे विभागली गेली तर सहाशे किलोंच्याही खाली राहते. गोळा केला आहे तो ट्रॉलीचे संथ ओझे सोसावयास. फसलेली गाडी हिसडून काढण्यासाठी तो नव्हे. त्या कामाला बंपरवर, चेसिसच्या तुळयांच्या सरळ रेषेत, जाड पानांतून बसविलेल्या कड्या हव्यात, आणि त्यांत खिळीने बंद होणारे पोलादी कडे. पट्ट्याच्या मधोमध ओले पोते किंवा जुनी घोंगडी टाकावी, म्हणजे तुटलाच तर तो फार उसळत नाही. आणि ज्या रेषेत ओढ आहे त्या रेषेत, पट्ट्याच्या लांबीच्या आत, पोरेबाळे उभी राहू देऊ नयेत. आपल्याकडे तर गाडी फसली की पहिला वेढा पोराटोरांचाच पडतो.

म्हणून आमच्या बंपरला दोन्ही आहेत. मधोमध नळीत सरकवून खिळीने अडकविण्याचा हूक, ट्रॉलीसाठी. आणि दोन अंगांना दोन कड्या, ओढून काढण्यासाठी. दोहोंचे काम वेगळे ठेवले आहे. हूक आम्ही गोळ्याचा न घेता जुन्या लष्करी पद्धतीचा, जबडेदार घेतला. आमच्या ओढ्याच्या उतरणीवर एक चाक वर आणि एक खाली असा प्रसंग रोजचा. तेथे कडे जबड्यात सहज फिरते. डांबरी रस्त्यावर तो थोडा खडखड वाजतो हे कबूल. हुकाचा जबडा बेळगावच्या उद्यमबागेत ओतलेला मिळाला. त्या वसाहतीत ओतकामाची व यंत्रकामाची इतकी दुकाने आहेत की नमुना दाखविला की वस्तू मिळते.

बंपर किती खाली असावा यावर आण्णा आणि मिस्त्री यांचा बराच वाद झाला. ट्रॉलीची दांडी जमिनीला समांतर राहावी म्हणून हूक खाली हवा. पण तो फार खाली आला तर ओढ्यातून वर चढताना जीपची शेपटी जमिनीत रुतते. मागच्या चाकाचा तळ आणि मागील सर्वांत खालचा भाग यांना जोडणारी रेषा जमिनीशी जो कोन करते त्यावर हे अवलंबून असते. महिंद्रच्या २०२० सालच्या नव्या थार गाडीत हा कोन सुमारे ३७ अंश ठेवला आहे. आमच्या जीपचा मोजला नाही. ओढ्याच्या चढावर नेऊन मागे एक मुलगा वाकवून ठेवला आणि अंतर पाहिले. शेवटी हूक उंच ठेवून ट्रॉलीची दांडीच वाकडी करून घेण्यात आली.

ट्रॉली जोडल्यावर तिचे थोडे वजन हुकावर पडलेच पाहिजे. टाकी फार मागे ठेवली तर दांडी जीपला वर उचलू पाहते आणि वेगात ट्रॉली शेपटीसारखी हलू लागते. फार पुढे ठेवली तर जीपचे पुढचे टोक हलके होते आणि वळण ऐकत नाही. एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास हुकावर यावे असा अनुभवींचा ठोकताळा आहे. आम्ही दांडीखाली धान्याचा काटा ठेवून ते पाहिले आणि टाकी चार बोटे पुढे घेतली. बैलगाडी भरणारा जुना गडी हेच डोळ्याने करीत असे. गाडी 'उलाळ' आहे की 'धुराळू' आहे हे तो जू हाताने उचलून सांगे. पाण्याच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा अधिक खोडकर. वळणावर पाणी एका अंगाला धावते आणि ट्रॉली त्याच अंगाला रेटते. म्हणून टाकी भरून न्यावी, रिकामी आणावी. अर्धी घेऊन फिरू नये.

उतारावर तर ओझे ओढणाऱ्यालाच ढकलू लागते. बैल तेथे मागचे पाय रोवून ओझे थोपवून धरतात. जीपला तसे करता येत नाही. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गियर टाकावा लागतो. बिनब्रेकच्या ट्रेलरला युरोपात ७५० किलोंची मर्यादा आहे आणि तो ओढणाऱ्या गाडीच्या निम्म्या वजनाहून जड नसावा असाही नियम आहे. आपण तर बिनब्रेकच्या दोन-दोन ट्रॉल्यांत कित्येक टन ऊस भरून घाट उतरतो.

हे लिहिताना मनात एक गोष्ट सारखी येत आहे. चार वर्षांमागे गळिताच्या हंगामात आमच्या शेजारच्या वाडीतील एक मुलगा रात्री मोटारसायकलवरून घरी येत होता. एकविसावे वर्ष. रस्त्यात उसाची एक ट्रॉली आस तुटून उभी होती. ट्रॅक्टर पुढे निघून गेलेला. मागे दिवा नाही, तांबडी पट्टी नाही. सावधगिरी म्हणून चार दगड आणि बाभळीची एक फांदी ठेवलेली. समोरून येणाऱ्या ट्रकच्या उजेडात त्याला ती फांदीही दिसली नसावी. आई अद्याप त्या वाटेने जात नाही. बाजारास जाताना दोन मैलांचा वळसा घेते. हंगामात हालसिद्धनाथ, हिरण्यकेशी अशा कारखान्यांच्या वाटांवर रात्री प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने अशा काळ्या ट्रॉल्या पाहिल्या आहेत. पुष्कळदा आपलीच माणसे त्या चालवितात आणि आपलीच माणसे त्यांवर आदळतात.

म्हणून गाडीची मागील बाजू ही केवळ मालकाची नाही, असे मला वाटते. पुढची बाजू मालकाची असेल, पण मागची ही मागून येणाऱ्याची आहे. मिस्त्रींनी बंपरची दोन्ही टोके गोल घासून घेतली, ती याच कारणाने. हूकही ट्रॉली नसताना काढून ठेवावयाचा असा घरात नियम आहे. नळीबाहेर वीतभर लोखंड पुढे आलेले असले म्हणजे बाजारात गाडी मागे घेताना ते नेमके कोणाच्या तरी गुडघ्याला किंवा लहान मुलाच्या डोक्याला लागते. शिवाय पोलादी बंपर मोटारीच्या प्लॅस्टिकच्या बंपरप्रमाणे चेपून धक्का गिळीत नाही. तो जसाच्या तसा चेसिसला देतो आणि समोरच्यालाही देतो. जीपवाल्याला त्यामुळे फार निर्धास्त वाटते. मागच्याने तसे वाटून घेण्याचे कारण नाही.

कायद्याचे अंगही पाहणे भाग होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीत मूळ नमुन्याहून वेगळा बदल करता येत नाही. २०१७ च्या डिसेंबरात केंद्रीय परिवहन मंत्रालयाने या कलमाकडे बोट दाखवून राज्यांना क्रॅश गार्ड आणि बुल बार यांवर कारवाई करण्यास सांगितले. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही नोंदणीपुस्तकातील तपशील मूळ नमुन्याशी विसंगत होईल असा बदल चालणार नाही असा निर्णय दिला. तेव्हा शोभेसाठी पुढे-मागे नळ्यांचे पिंजरे चढविणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे. आमच्या जीपला हूक मुळातच होता, आम्ही त्याच जागी दुसरा बसविला. तरी आण्णांनी काम सुरू करण्याआधी परिवहन कार्यालयात जाऊन विचारून घेतले, आणि ते योग्यच केले.

ट्रॉलीविषयी मात्र पुष्कळांची समजूत चुकीची असते. ट्रेलर हे आपल्या कायद्यात स्वतंत्र मोटार वाहन आहे. त्याला स्वतःची नोंदणी लागते, विमा लागतो. आमची ट्रॉली कागलकडच्या एकाची जुनी, तिच्यावर एमएच ०९. जीपवर चिकोडीचा केए २३. जोडून उभी केली की पुढे कर्नाटक आणि मागे महाराष्ट्र. चहाच्या टपरीवर यावरून जे विनोद होतात ते येथे लिहीत नाही. नोंदणी इकडे करून घेण्यासाठी कानडीतील अर्ज भाच्याने भरून दिला. तो कानडी शाळेत शिकला आहे.

जोडताना आम्ही तीन गोष्टी न चुकता पाहतो: जबडा मिटून खीळ आरपार बसली काय, खिळीच्या टोकाला कॉटर घातला काय, आणि दांडीखालून एकमेकींवरून तिरप्या नेलेल्या दोन साखळ्या बंपरच्या कड्यांत अडकविल्या काय. हूक कधी दगा देऊन सुटलाच तर दांडी जमिनीत न घुसता त्या साखळ्यांच्या झोळीत पडते आणि ट्रॉली मागच्यावर जाऊन आदळत नाही. आण्णांचा धाकटा मुलगा साखळ्या टाळावयास पाहतो. घर ते माळ दोनच मैल, कशाला हव्यात म्हणतो. आण्णा तोंडाने काही बोलत नाहीत, गाडीतून उतरून स्वतः त्या लावतात, आणि मुलगा तेवढा वेळ आकाशाकडे पाहतो.

कलमे यंदा दुसऱ्या उन्हाळ्यातून निघाली. एकूण साठांपैकी सात गेली, त्यांतील तीन वाळवीने. आठवड्यातून दोन खेपा पुरतात. चर्चच्या सणाच्या वेळी मंडपाचे बांबू आणि खुर्च्याही याच ट्रॉलीने आल्या. ट्रॉलीच्या मागे तांबड्या परावर्तक पट्ट्या आहेत, पण तिचे दिवे अद्याप जीपला जोडलेले नाहीत. त्यासाठी बंपरवर सात पिनांचे सॉकेट बसवावयाचे आहे आणि मिस्त्रींनी त्याची जागा चॅनेलमध्ये आधीच कापून ठेवली आहे. ते होईपर्यंत सूर्य मावळल्यावर ट्रॉली बाहेर काढावयाची नाही असे ठरले आहे. हूक सध्या स्वयंपाकघराच्या दारामागे असतो. वहिनी त्याला तेलाचे बोट लावतात, पण बाहेर ठेवू देत नाहीत, कारण भंगारवाल्याची फेरी दर मंगळवारी असते.